काळी करंगळी

आमच्या घरात जेवायच्या वेळी आई ‘हात धुऊन या’ म्हणायची आणि बाबा ‘आधी करंगळी दाखवा’ म्हणायचे. दोन्ही हुकूम एकदमच सुटायचे, पण आधी पाळला जायचा तो बाबांचा. वर्कशॉपमधून आलेल्याची करंगळी काळी असली तर त्याने हात धुऊन ताटावर बसायचं, स्वच्छ असली तर आल्या पावली परत जायचं. इतरांच्या घरी याच्या नेमकं उलटं असतं, हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

बंदुका दुरुस्त करायचं आमचं काम तीन पिढ्यांचं. आजोबांनी सुरू केलं, बाबांनी वाढवलं, आता ताई चालवते. घराला लागून वर्कशॉप आणि त्याच्या मागे पन्नास मीटरची रेंज, जिथे दर शनिवारी सकाळी क्लबातली माणसं नेमबाजी शिकायला येतात. आजोबांचा नियम एकच. बंदूक हातात आली की ती आधी उघडायची, मग ती कोणीही दिलेली असो. नुसतं डोळ्यांनी बघून भागवायचं नाही. काडतूस जिथे बसतं त्या चेंबरच्या तोंडाशी करंगळी घालून चाचपायचं. डोळ्याला जे बघायची सवय असते तेच तो बघतो, पण बोटाला पितळ लागलं तर ते लागलंच. आतल्या काजळीने बोट काळं होतं, त्यामुळे कोणी बघितलं आणि कोणी बघितल्यासारखं केलं ते लगेच कळतं. चुकणाऱ्याची शिक्षाही ठरलेली. बंदुकांच्या कपाटाची आपली किल्ली काढून द्यायची आणि वर्षभर बंदुकीला हात लावायचा नाही.

मी या घराण्यातला वाया गेलेला. चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायचे. शेवटी दातांचा डॉक्टर झालो. ताई म्हणते, तू काही घराण्याचं काम सोडलं नाहीस, अंधाऱ्या भोकात डोकावून बिघाड शोधतोसच की. ती नळीत बघते, मी तोंडात. फरक एवढाच की तिची गिऱ्हाइकं ओरडत नाहीत.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आता बावन्न पूर्ण. कानस चालवताना मध्ये येतात म्हणून केस कापून टाकलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एक वकील तिच्याकडे रायफल दुरुस्तीला आणतात. ते म्हणतात, ‘तुमच्या ताईंच्या समोर उभं राहिलं की मीच आरोपी असल्यासारखं वाटतं.’ ती बोलते कमी, पण बोलली की समोरचा दोन दिवस विसरत नाही. मी भाऊ आहे, मला वर्षानुवर्षं विसरता आलेलं नाही.

अठरा वर्षांची असताना ताईने रेंजवर एका मैत्रिणीच्या हातात बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारी खिटी, न उघडता रायफल दिली. रायफल रिकामी होती. काही झालं नाही, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण बाबांनी बघितलं आणि तिथल्या तिथे हात पुढे केला. नेमबाजीच्या संघाची निवडस्पर्धा अकरा दिवसांवर आली होती. आई रडली, क्लबचे अध्यक्ष घरी येऊन बसले, मी तर जेवणच सोडलं होतं (संध्याकाळपर्यंत). बाबा एवढंच म्हणाले, ‘पुढच्या वर्षी याच तारखेला ये.’ ताईने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. ते वर्ष ती रोज सकाळी गच्चीत उभी राहायची. झाडूच्या दांड्याला पाण्याची बाटली बांधायची, दांडा खांद्याला लावायची आणि बाटलीतलं पाणी हलायचं थांबेपर्यंत तशीच राहायची. बरोबर एक वर्षाने सकाळी आठच्या ठोक्याला तिने बाबांसमोर हात पुढे केला. बाबांनी किल्ली दिली. त्यानंतर एकदा तिची निवड झाली, पुढच्या वेळी झाली नाही, आणि मग ती वर्कशॉपमध्ये बसायला लागली ती कायमची. पण त्या गेलेल्या वर्षाबद्दल तिने कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वर्षीची, भर दुपारची.

बाबा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. आलेली बंदूक उतरवून घ्यायची, तपासायची, तिच्यावर ‘रिकामी’ अशी चिठ्ठी बांधायची आणि भिंतीवरच्या खुंटीला लावायची, एवढं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. त्या दुपारी ताईने खुंटीवरची एक जुनी रायफल पिन बदलायला खाली घेतली. चिठ्ठी बाबांच्या अक्षरातली होती. दुसऱ्या कोणी ती वाचून रायफल सरळ पकडीत आवळली असती. ताईने बोल्ट उघडला, करंगळी घातली, आणि बोटाला पितळ लागलं.

तिने काडतूस काढून टेबलावर उभं केलं. मग बाबांकडे वळली.

“बाबा, करंगळी दाखवा.”

हे मी स्वतः ऐकलं, कारण दवाखाना बंद करून मी जेवायला आलो होतो आणि दारातच उभा होतो. आजोबा गेल्यापासून बाबांना हे वाक्य कोणी म्हटलेलं नव्हतं, ते आपली करंगळी आपणहूनच दाखवायचे. बाबांनी हात पुढे केला. करंगळी ओली होती, चकचकत होती, लांबून काळपटच दिसत होती. मला हायसं वाटलं. ताईने खिशातून पांढरं फडकं काढलं आणि त्यांचं बोट पुसलं. फडक्यावर पिवळा डाग पडला. काळ्याचा मागमूस नव्हता. डब्यातलं कोरं तेल होतं ते.

“तेलात बोट बुडवलंत?” ताईने विचारलं.

बाबांनी हात मागे घेतला.

“किती दिवस चाललंय हे?”

“माझ्या वर्कशॉपमध्ये तू माझी उलटतपासणी घेणार?”

“किल्ली द्या बाबा.”

“ही किल्ली माझ्या वडिलांनी माझ्या हातात ठेवलीय.”

“माहितीये. नियमपण त्यांचाच.”

बाबा उठले आणि घरात निघून गेले, किल्ली खिशात ठेवूनच. ताईने दुकानाची पाटी ‘बंद’ अशी उलटी केली आणि खुंटीवरच्या सगळ्या बंदुका खाली काढायला घेतल्या. एकवीस होत्या. एकेक उघडून, चाचपून ती परत लावत होती, आणि मी कडेला उभा राहून मोजत होतो. आणखी एकीतही काडतूस नव्हतं.

आईने मला बाजूला घेतलं. “तू तरी समजव तिला. या वयात त्यांना असं शिक्षा केल्यासारखं...”

मी गेलो समजवायला. म्हटलं, “ताई, शहात्तरीच्या माणसाला वर्षभर घरी बसवणार? अशी किती वर्षं उरलीत त्यांच्याकडे? तू नुसती मागून सगळं तपासत जा ना, त्यांना कळूसुद्धा न देता.”

“म्हणजे त्यांनी मला फसवायचं आणि मी त्यांना?” ती म्हणाली. “हे बघ, चुकून राहिलं असतं तर मी एवढी चिडले नसते. बोटाला कळत नाही असं सांगितलं असतं तर शेजारी बसून एकेक बंदूक मी चाचपून दिली असती, जन्मभर. पण त्यांनी तेल लावून बोट दाखवलं. मी चाप दाबला असता तर गोळी सरळ त्या पत्र्याच्या पार्टिशनमधून गेली असती. पलीकडे आई भाजी निवडत बसते.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आईमुळे पळालं, आणि दुसऱ्या एका कारणानेही. त्या दुपारच्या दीड वर्ष आधी बाबा मला म्हणाले होते की बोटांची टोकं जड पडल्यासारखी वाटतात. त्यांना शुगर आहे. माणसांचे जबडे बधिर करणं हा माझा रोजचा धंदा, आणि माझ्या बापाने बधिर बोट पुढे केलं तेव्हा मी मोबाइलमध्ये बघत म्हटलं होतं, ‘वयाने होतं बाबा, गोळ्या घ्या.’

मी ताईला हे सांगून टाकलं. लपवून ठेवणाऱ्यांत आणखी एकाची भर नको, असं वाटलं.

ती मग म्हणाली, “तू जेवून घे आणि जा.”

महिनाभर माझ्याशी ती तेवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने पाटी सरळ केली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वकील दारावरून परत गेले. किल्ली मिळेपर्यंत दुकान उघडायचं नाही, असं तिने आईला सांगितलं होतं, आणि बाबांनी ते पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं. चौथ्या दिवशी तिच्या टेबलावर, त्याच काडतुसाच्या शेजारी, किल्ली ठेवलेली सापडली. ताईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला आणि दुकान उघडलं.

पुढचं वर्ष आमच्या घराने कसं काढलं ते आम्हालाच माहीत. बाबा रोज न चुकता वर्कशॉपमध्ये यायचे आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर जाऊन बसायचे. वर्तमानपत्राचं एकच पान तासन् तास उघडं. ताईशी अबोला, काही हवं असलं तर ‘तिला सांग’ म्हणून माझ्यातर्फे निरोप. ताई त्यांच्या देखत बंदुका उघडायची, चाचपायची, चिठ्ठ्या बांधायची. शनिवारी रेंजवर नव्या माणसांना करंगळीचा नियम शिकवायची, तेव्हाही बाबा मागच्या बाकावर असायचे. आई एकदा म्हणाली, “अगं, सहा महिने झाले, आता पुरे कर.” ताई म्हणाली, “माझं सहा महिन्यांत पुरे झालं होतं का?” मला ताईचा राग यायचा, खरंच यायचा. आणि तिच्या जागी मी असतो तर तिसऱ्या दिवशीच पाटी सरळ केली असती, हेही कळायचं.

गोल केलेली तारीख शनिवारी आली. मी मुद्दाम दवाखाना बंद ठेवला. आठला पाच कमी असताना बाबा इस्त्रीचा शर्ट घालून रेंजवर आले. क्लबातली सात-आठ माणसं होती, त्यांत एक नर्स आणि आमचे वकीलही. ताईने घड्याळाकडे बघितलं, आठ वाजू दिले, आणि मग किल्ली बाबांच्या हातावर ठेवली.

“काम काय करायचं ते तुम्ही सांगा,” ती म्हणाली. वर्षभरात ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

बाबांनी कपाट उघडलं. आजोबांची रायफल बाहेर काढली, नळी मातीच्या बांधाकडे ठेवली, बोल्ट मागे ओढला. करंगळी आत घातली. आणि तशीच ठेवून ते उभे राहिले. एवढा वेळ की वकील खोकले. ताई हलली नाही, मदतीला पुढे झाली नाही. तिचा जबडा आवळलेला मला दिसत होता. त्या बाबतीत तरी मी जाणकार आहे.

बाबांनी बोट बाहेर काढलं आणि उघडी रायफल ताईपुढे धरली.

“तू बघ,” ते म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “मला बोटाला काही कळत नाही. अडीच वर्षं झाली. मागच्या वर्षी मी बोट आत न घालताच, तेल लावून खोटं बोट दाखवत होतो.”

ताईने चष्मा डोळ्यांवर चढवला. करंगळी घातली, नीट चाचपली.

“रिकामी आहे बाबा.”

“मग दे एक काडतूस.”

बाबांनी पाच गोळ्या मारल्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट उघडून रायफल ताईपुढे धरली, तिने प्रत्येक वेळी चाचपून ‘रिकामी’ म्हटलं, आणि मगच पुढचं काडतूस दिलं. नेम कसा लागला ते मी सांगत नाही, बाबांना आवडणार नाही. तेव्हापासून वर्कशॉपमध्ये दोन स्टुलं शेजारी शेजारी असतात. बंदूक बाबा उतरवून घेतात, ताई चाचपते, चिठ्ठी बाबा लिहितात आणि खाली दोघांची सही असते.

त्या दुपारी आम्ही सगळे एकत्र जेवायला बसलो. आई ‘हात धुऊन या’ म्हणाली. बाबांनी आधी आपली करंगळी ताटावर सगळ्यांसमोर धरली. तिच्यावर काजळी होती, रायफल उघडताना लागलेली. त्यांनी ती फडक्याने स्वच्छ पुसून टाकली.

“माझी हिशेबात धरू नका,” ते ताईकडे बघत म्हणाले. “हिची बघा.”