रोजचा पहिला थेंब

गुरांचं रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे थेंबेबाई म्हणत. हे आडनाव तिला नवऱ्याने थट्टेने बहाल केलं होतं आणि ते असं चिकटलं, की पगार काढणारा कारकूनसुद्धा तिचं खरं नाव आठवताना डोकं खाजवायचा. कामही तसंच. रक्त साकळलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं, त्याचा एक थेंब पांढऱ्या पट्टीवर ठेवायचा, त्यात गुलाबी औषधाचा थेंब काडीने कालवायचा आणि पट्टी हलकेच झुलवत बसायचं. जनावराला ब्रुसेला जंतूची लागण झालेली असेल, तर त्या रोगाशी झुंजायला रक्ताने तयार केलेली प्रतिद्रव्यं गुलाबी कणांना एकमेकांना चिकटवतात आणि थेंबात दाणे धरतात, दूध नासावं तसे. नसेल तर थेंब आपला गुळगुळीत. या रोगाने गाई गाभडतात, म्हणजे दिवस भरण्याआधीच वासरू पडतं, आणि माणसाला लागला तर ताप पाठ सोडत नाही.

नवरा गोठ्यागोठ्यांतून फिरणाऱ्या गुरांच्या डॉक्टरांचा मदतनीस होता. अडलेलं वासरू सोडवावं तर त्यानेच, पण हातमोजे म्हटलं की त्याच्या कपाळाला आठ्या. "अगं, बिचारं पहिल्यांदाच जगात येतंय, त्याला काय रबर दाखवायचं?" असं म्हणून तो हसायचा आणि तीही हसायची, कारण त्याच्यापुढे गंभीर राहणं कुणालाच जमत नसे.

मग त्याला ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, घामाने चादर भिजवायचा, सकाळी काही झालंच नाही असं दाखवून उतरायचा. कंबर धरायची, जेवण जाईना. दवाखाने झाले, गोळ्या झाल्या, कुणी म्हणालं दगदग, कुणी म्हणालं वय. शेवटी एका दुपारी ती त्याला आपल्या टेबलापाशी घेऊन आली आणि गाईंच्या रांगेत त्याचाही एक थेंब ठेवला. पट्टी नीट झुलवायच्या आतच त्यात दाणे धरले.

"सापडला!" ती केवढ्याने ओरडली. रोगाला नाव मिळालं होतं, त्यावर औषध होतं. दोघं लहान मुलांसारखी हसली.

तो आनंद तिला अजून बोचतो. त्याचं मरण तिने कसंबसं पचवलं, पण ते हसणं तिला पचत नाही.

औषध सुरू करण्याआधी त्याने स्वतःच बाही वर केली. रोजच्या तपासणीत आजारी म्हणून माहीत असलेला एक थेंब शेजारी लागतो. त्यात दाणे धरले, तरच ते गुलाबी औषध धड आहे असं समजायचं आणि बाकीच्या थेंबांवर विश्वास ठेवायचा. तशी बाटली मुख्यालयातून यायची, म्हणजे बहुतेक वेळा यायची नाही. "माझं घ्या," तो म्हणाला. "तुम्हाला फुकटचा नोकर मिळाला. बघ, रोज तुझ्याआधी कामाला लागतो की नाही!" त्याच्या रक्ताचं पाणी छोट्या नळ्यांत भरून गोठवून ठेवलं. पण रोग तोवर हृदयाच्या झडपेपर्यंत पोचला होता. औषधं मागून धावली, आणि तो गेला.

त्यानंतर कितीतरी सकाळी तिने आधी त्याचा थेंब ठेवला, दाणे धरलेले पाहिले आणि मगच दुसऱ्या कामाला हात घातला. घरी त्याचे कपडे तिने वाटून टाकले, फोटोही आत ठेवला. इथे मात्र तो रोज उत्तर देत होता. नळ्या सरत आल्या, तसं तिने मुख्यालयाकडे तगादा लावून बाटली मिळवली आणि शेवटची नळी शीतपेटीत अगदी मागे सरकवून ठेवली. तिच्या तळाशी थेंबभरच उरलं होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून आलेल्या नव्या मॅडमना ती दिसली होती, पण त्यांनी कधी विषय काढला नाही.

त्या दिवशी खिडकीशी एक बाई आली, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. नवरा बाहेर बाकावर आडवा झालेला. म्हशी होत्या त्यांच्या, दोन गाभडल्या होत्या. "संध्याकाळी चढतो हो," ती सांगत होती, "आणि सकाळी म्हणतात, मला काय धाड भरलीय!"

थेंबेबाईंनी बाहेर जाऊन त्याचं रक्त काढून आणलं आणि साकळायला ठेवलं.

मुख्यालयाची बाटली संपली होती. नवी यायला पंधरवडा. मॅडमनी चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, असा ताप दहा रोगांत येतो, औषध महिना-दीड महिना चालवायचं, खात्रीशिवाय कसं देऊ? मॅडमनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, ती नळी काढा असं मी तुम्हाला सांगणार नाही. पंधरा दिवस थांबायला सांगूया त्यांना."

"पंधरा दिवसांत काय होतं, ते मी बघितलंय," ती म्हणाली आणि उठली.

नळी तिने मुठीत धरून वितळवली. वितळायला नको असंही वाटत होतं. मग पट्टीवर त्याचा थेंब ठेवला, शेजारी त्या माणसाचा. गुलाबी औषध कालवलं, पट्टी झुलवली. आधी नवऱ्याच्या थेंबात दाणे धरले. मग दुसऱ्यातही.

मॅडमनी तिथल्या तिथे अहवालावर सही केली. खिडकीतली बाई टाचा उंचावून पट्टीकडे बघत होती. "औषध आहे ना याच्यावर?"

"आहे. आजच सुरू करा. आणि गोठ्यात हातमोजे घालायला लावा त्यांना. भांडण झालं तरी चालेल."

"लावते. आणि ते दुसरं कुणाचं? अगदी यांच्यासारखंच दिसतंय."

"आमच्या ह्यांचं."

"अगंबाई! बरे आहेत ना आता?"

थेंबेबाईंनी पट्टीकडे पाहिलं. कडेने थेंब वाळायला लागला होता.

"आजपर्यंत कामावर होते," ती म्हणाली.

बाईला काही कळलं नाही. ती अहवाल घेऊन नवऱ्याकडे धावली. काम झालं की पट्टी जंतुनाशकाच्या टोपात टाकायची असते. थेंबेबाई ती हातात धरून उभी राहिली, थेंब पार वाळेपर्यंत, आणि मग मॅडमनीच ती तिच्या हातातून हळूच काढून घेतली.