दिगूचा हवेतला टीव्ही

किस्से गोळा करायला कुठे लांब जावं लागत नाही. एक हट्टी माणूस हवा आणि त्याच्या दुकानाबाहेर बसायला एक बाकडं हवं. चौलच्या नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि शेजारच्या गाळ्यात दिगंबर ऊर्फ दिगू डिजिटल अँटेने विकतो. म्हणजे विकायला बसतो. त्यामुळे आम्हा दोघांकडे वेळ भरपूर आणि किस्से त्याहून जास्त.

आधी दिगूची ओळख करून देतो. आमच्या भागात सरकारी टीव्हीचं एक छोटं प्रक्षेपण केंद्र होतं, तिथे हा वीसेक वर्षं टेक्निशियन होता. केंद्र बंद झालं, याची बदली कुठेतरी लांब झाली आणि साहेबांनी सरळ नोकरीच सोडली. का, तर म्हणे मुंबईच्या टॉवरवरून आता डिजिटल सिग्नल सुटतो, मधे नुसता समुद्र, तो आपल्या छपरापर्यंत फुकट येतो आणि लोकांना त्याचा पत्ताच नाही. तो पत्ता सांगायला दिगू गावी परतला. छपरावर दांड्यांचा एक अँटेना, टीव्हीजवळ एक छोटा डबा. रिचार्ज नाही, इंटरनेट नाही. चॅनेल मोजकेच, त्यातल्या एकावर भातावरचे रोग. गावाने त्याचं नाव 'हवेवाला' ठेवलं.

त्याची बायको सुलभावहिनी शांत बाई. तिने एवढंच सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत बघा. नाही जमलं तर उरणला." उरणला तिचा धाकटा भाऊ किशोर. त्याचा ट्रकांचा धंदा आहे आणि त्याच्या ऑफिसात दिगूसाठी एक खुर्ची रिकामी ठेवलेली होती. ती फिरती आहे, हे किशोर दर फोनला सांगायचा. दिगूला जायचं नव्हतं. मलाही तो जायला नको होता. हे तेव्हा त्याला बोललो नाही, आता लिहून टाकतो.

* * *

पहिलं गिऱ्हाईक आमचे पाटील गुरुजी. अँटेना घेतला, पण म्हणाले, "लावणार मीच." जुन्या टीव्हीच्या काळात आळीतले सगळे अँटेने त्यांनीच फिरवलेले. म्हणून आता गुरुजी कौलांवर आणि त्यांची बायको, आमच्या काकू, खाली टीव्हीसमोर.

"आलं का?"

"नाही."

गुरुजी जरा फिरवायचे. "आता?"

"नाही."

आणखी जरा. एवढ्यात खालून, "आलं, आलं!" गुरुजी हात काढतात तोवर, "गेलं."

हा कार्यक्रम दोन तास चालला. काकू मुद्दाम करतायत असं गुरुजींचं मत झालं आणि या माणसाला एका जागी थांबताच येत नाही असं काकूंचं. दोघांनी आपापली मतं मोठ्याने मांडली. आळीत त्या दिवशी कुणाला टीव्हीची गरज भासली नाही.

शेवटी दिगू गेला आणि कारण कळलं. जुन्या टीव्हीत आधी मुंग्या यायच्या, मुंग्यांतून माणूस दिसायचा, मग माणूस स्वच्छ व्हायचा. डिजिटलला मधलं काही नाही. चित्र येतं ते पूर्ण, नाहीतर पडदा काळा. आणि सिग्नल पकडून दाखवायला डबा पाच-सात सेकंद घेतो. तेवढ्यात गुरुजी पुढे निघून गेलेले असायचे.

"गुरुजी, किंचित फिरवायचं आणि दहा आकडे मोजायचे," दिगू म्हणाला.

गुरुजींनी घाम पुसला. "चाळीस वर्षं ही थांबा म्हणाली तेव्हा थांबलो नाही. आता डब्यासाठी थांबू?"

* * *

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात जनाबाईंच्या गच्चीवर एक अँटेना लावला होता, छातीएवढ्या उंचीच्या पाइपावर. महिनाभर छान चालला आणि मग फोन आला की तीन दिवस चित्र नाही. दिगू फोनवर निदान फुकट करतो. वायर बघा, डबा बंद करून चालू करा, टीव्हीचा रिमोट सापडतोय का बघा. काही उपयोग नाही. चौथ्या दिवशी आम्ही दोघं बाइकवरून गेलो.

निदान गच्चीच्या जिन्यातच झालं, नाकाने. अँटेन्याच्या प्रत्येक दांडीवर बोंबील लटकत होते. जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून, अगदी रीतीप्रमाणे.

"जनाबाई, हे काय केलंत?"

"वालत घातलंत. वाऱ्यानं माझे बांबू मोरले. तुझ्या दांड्या सरळ हायत, आन मांजर पन चढत न्हाय."

दिगूने तिला शांतपणे समजावलं की ओल्या मासळीत सिग्नल अडकतो, म्हणून चित्र येत नाही. तिने ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाली, "मंग सुकल्यावर येल ना?"

वीस वर्षांच्या नोकरीत दिगूला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यातून पंचाईत अशी की उत्तर 'हो' होतं. बाईंनी तिथल्या तिथे आणखी दोन अँटेने मागवले, बिनवायरचे. त्या महिन्यात दिगूचे एकूण तीन अँटेने खपले. सुलभावहिनी म्हणाली, "बरं झालं. निदान कुणाच्या तरी उपयोगी पडताय."

* * *

नागावचा शेखर होमस्टे चालवतो. पाहुण्यांच्या खोलीत फुकटचा टीव्ही हवा म्हणून त्याने अँटेना लावून घेतला आणि आठवड्यात तक्रार केली. दिगूने जाऊन पाहिलं तर अँटेन्याचं तोंड भलतीकडेच.

"हा फिरवला कुणी?"

"मीच," शेखर म्हणाला. "तुम्ही चुकून उलटा लावला होता. गावातल्या सगळ्या डिशच्या छत्र्या एका बाजूला आणि माझा एकट्याचा दुसरीकडे."

"अहो, त्या छत्र्या उपग्रहाकडे बघतात. तुमचा मुंबईच्या टॉवरकडे बघायला हवा."

"ते खरं हो. पण रस्त्यावरून दिसतं ना. लोक काय म्हणतील?"

याच्यावर कुठल्याच सरकारी पुस्तकात उपाय नाही. दिगूने अँटेना पुन्हा मुंबईकडे वळवला आणि त्याच्या शेजारी भंगारातली एक गंजकी छत्री गावातल्या छत्र्यांच्या दिशेने तोंड करून ठोकली. तिला वायर नाही, काही नाही. शेखर प्रसन्न झाला. पुढच्या शनिवारी आलेल्या पाहुण्यांनी त्याला सांगितलं म्हणे, तुमची ती मोठी छत्री आहे ना, तिच्यामुळे चित्र एवढं क्लिअर आहे.

* * *

किनाऱ्यालगतच्या एका घरात मात्र दिगूची झोप उडाली. तिथे चित्र रोज अर्धा-पाऊण तास जायचं आणि आपोआप परत यायचं. त्याने वायर बदलली, डबा बदलला, शेजाऱ्याच्या पंपावर संशय घेतला, वाडीतल्या माडांच्या झावळ्या छाटून घेतल्या. शेवटी सवयीने एक वही केली आणि चित्र कधी गेलं, कधी आलं, त्याच्या वेळा लिहायला लागला.

वही बाकड्यावर पडली होती. बुध्याकाका तिथे बसले होते. काका म्हणजे आयुष्य होडीवर काढलेले कोळी. आता गुडघ्यांमुळे त्यांची होडी म्हणजे आमचं बाकडं. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून वही चाळली. "रोज पाऊन तास पुढं सरकतंय व्हय?"

"हो. तेच कळत नाही."

"न कलायला काय झालं? ह्यो तर भरतीचा टायम हाय."

दिगू उठून उभा राहिला. सिग्नल पाण्यावरून येतो, पाणी चढलं की पाण्यावर आपटून येणारी त्याची उसळी बदलते आणि मूळ सिग्नलची वाट लागते. हे सगळं त्याला शिकवलेलं होतं, परीक्षेतही आलं होतं. फक्त समुद्र खरोखर वर येतो हे डोक्यात आलं नव्हतं. त्याने अँटेना आठ-दहा फूट वर चढवला आणि प्रश्न बऱ्यापैकी मिटला.

तेव्हापासून गिऱ्हाइकं दिगूला फोन करत नाहीत. थेट काकांना विचारतात, "काका, आज साडेसातची मालिका पूर्ण दिसेल का?" आणि काका बोटांवर तिथी मोजून सांगतात, "जाहिरातीपर्यंत बघ. म्होरचं माज्या हातात न्हाय."

* * *

दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती आणि भारताची फायनल होती. दुपारी सुरू होऊन संध्याकाळी संपणारी. किशोर उरणहून एक मोठा पडदा, प्रोजेक्टर आणि इंटरनेटचा कुठलासा महागडा प्लॅन घेऊन आला. बहिणीच्या गावाला भेट म्हणून. गावच्या तलावापलीकडे, शाळेच्या मैदानावर मांडव टाकला, वर फुकट वडापाव.

दिगूला हे झोंबलं. त्याने तलावाच्या अलीकडे, देवळाच्या पटांगणात, दुकानातला टीव्ही मांडला आणि बांबूला अँटेना बांधला. किशोर मुद्दाम येऊन बघून गेला. "भावोजी, मॅच संपेपर्यंत हा टिकला तर मी उरणचं नाव काढणार नाही. बंद पडला तर सोमवारी गाडी पाठवतो." सुलभावहिनी तिथेच होती. तिने मानेनेच होकार दिला.

दिगू हळूच काकांकडे गेला. काका म्हणाले, "पावनेसातला पुरी भरती." मॅच साधारण तेव्हाच संपणार होती.

आमच्याकडे तीस-चाळीस माणसं. त्यातली निम्मी टीव्ही कधी बंद पडतो ते बघायला आलेली. तलावापलीकडे सारा गाव. सहा वाजले, सव्वासहा झाले, चित्र स्वच्छ. सतराव्या ओव्हरला बॅट वर उचललेला आपला फलंदाज तसाच थिजला. पडद्यावर चौकोन चौकोन झाले आणि मग सगळं काळं. कुणीतरी हसलं. मी दिगूकडे बघितलं नाही. मला बघवलं नसतं.

"बांबू उचला," दिगू म्हणाला. गुरुजी, मी आणि आणखी दोघं, आम्ही बांबू उपटून देवळाच्या ओट्यावर चढलो आणि पालखीला द्यावा तसा खांदा देऊन तो उभा धरला. खांदे भरून आले. मग चित्र आलं. "हलू नका," दिगू ओरडला, "मॅच संपेपर्यंत कुणी शिंकायचं पण नाही."

अठराव्या ओव्हरला षटकार बसला. आमची चाळीस माणसं बेंबीच्या देठापासून ओरडली. पलीकडे सगळं शांत. खालच्यांचं पाणी पिऊन, एकमेकांच्या पाठी थोपटून झाल्यावर, अर्ध्या मिनिटाने तलावापलीकडून गर्जना आली. पुढच्या ओव्हरला विकेट पडली. आम्ही हळहळलो, पलीकडचे टाळ्या वाजवून फलंदाजाला धीर देत होते. तिथून माणसं एकेक करून उठायला लागली आणि तलावाच्या काठाने आमच्याकडे येऊ लागली.

शेवटची ओव्हर सुरू व्हायच्या आधी किशोर स्वतः आला. पळत आला होता, दम लागला होता. चपला पलीकडेच राहिल्या होत्या.

"भावोजी," तो म्हणाला, "एक रिक्वेस्ट होती. तिकडे इंटरनेटवर बॉल पडायच्या आधीच इकडून कळतंय काय झालं ते. लोक उठून चाललेत. एकच ओव्हर राहिलीय. तुमचं जरा अर्धा मिनिट मागे ठेवता येईल का?"

दिगूने टीव्हीवरची नजर काढली नाही.

"लेखी द्या," तो म्हणाला. "वरती पाठवतो."