टेलरमास्तर आणि मालिकेतला नवा नायक

मुलांनो, गुलमंडी बाजारामागच्या गल्लीतले टेलरमास्तर तुम्हाला आठवत नसतील. दोरा दातांनी तोडतात, चष्म्यावरून बघतात आणि रोज दुपारी शिवता शिवता टीव्हीवर एकच विनोदी मालिका बघतात. हसू आलं की मशीन थांबवतात.

गेल्या महिन्यात त्या मालिकेत नायकाचं काम करणारा नट बदलला. नवा माणूस जुन्याच शर्टात, जुन्याच खुर्चीत येऊन बसला आणि बायकोनं त्याला मुकाट्यानं चहा दिला. मास्तर भडकले.

"बाई, बारा वर्सं घरात असलेला माणूस गेला कुटं, येवढं बी घरात कुणी इचारंना! काय शरम हाय का नाय? आन् बाह्या बघा, चार बोटं आखूड!"

मीही चिडले होते. चॅनेलला इंग्रजीत खरमरीत पत्र लिहिलं. ते मास्तरांना वाचून दाखवावं आणि ब्लाउजही शिवायला टाकावेत म्हणून दुकानात गेले. मागच्या मशीनवर त्यांच्या जुन्या कारागिराच्या जागी कुणी नवाच माणूस होता. मी सवयीनं कापडाची पिशवी त्याच्यापुढे ठेवली आणि पत्र उघडलं.

मास्तर उठले. पिशवी उचलून त्यांनी माझ्या हातात परत दिली.

"आधी जुन्याचं इचारा, बाई. बीस साल तुमचे ब्लाउज शिवले त्यानं. माप मग द्या."

मी पत्राची घडी घातली आणि विचारलं. जुन्या कारागिराची नजर गेली होती. तो वैजापूरला लेकीकडे राहायला गेला होता.

ते पत्र मी अजून पाठवलेलं नाही.