काकांची मोटार, दुसऱ्यांदा

मे महिन्यातल्या त्या सकाळी मी विरारला, फुलपाड्यातल्या माझ्या दुकानात एक मिक्सर खोलून बसलो होतो आणि फोन आला. माझ्या गावाहून, गासहून. ज्यांच्या विहिरीवरची मोटार मी सोळाव्या वर्षी चोरली होती, त्या काकांचा.

"मोटार जळाली. मोगरा सुकतोय. येशील काय?"

मिक्सरवाली बाई समोरच उभी होती. तिला काय सांगून स्कूटर काढली, ते आजही आठवत नाही. पंधरा वर्षं मी या फोनची वाट बघत होतो.

कारण माझ्याच गावचं एकही काम माझ्याकडे येत नव्हतं. विरारच्या सोसायट्यांचे जळके पंप मी नवी तार गुंडाळून भरून देतो, पण गासच्या वाड्यांमधल्या जळक्या मोटारी माझ्या घरासमोरून टेम्पोत बसून दुसरीकडे जात. वर कुणाची मोटार चोरीला गेली की पहिली चौकशी माझी. लग्नाची बोलणी दोनदा त्यावरूनच मोडली. बाल न्याय मंडळाने माझं प्रकरण कधीच मिटवलं होतं, गावाने नाही.

आणि चोरी तरी किती अकलेची! मी आणि माझा एक मित्र. मोटारीतलं तांबं विकून मोबाईल घ्यायचा होता. भंगारवाला तयार होईपर्यंत मोटार लपवायची म्हणून आम्ही ती काकांच्याच वाडीतल्या बावखलात, म्हणजे आमच्याकडच्या त्या शेवाळलेल्या तळ्यात, ढकलून दिली. वाडीत जन्मलेली पोरं आम्ही, पण विहिरीची मोटार गेली की माणूस झाडांसाठी बावखलाचं पाणी उपसणार, एवढं सुचलं नाही. काकांनी भाड्याचं डिझेल इंजिन लावलं. तिसऱ्या दिवशी पाणी तळाला गेलं आणि चिखलातून मोटार वर आली, आणि तिच्या शेजारी, ढकलताना रुतलेली माझी चप्पल. तिचा तुटलेला पट्टा आईने लाल नाडीने शिवला होता, त्यामुळे ती कुणाची हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. आता हसू येतं. तेव्हा आई दारात बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

सुधारगृहात मोटार भरायला शिकलो. तांब्याची तार चोरायची सोडून गुंडाळायला लागलो, एवढाच माझा उद्धार.

वाडीत पोचलो तेव्हा काका पंपाच्या खोपटाशी उभे होते. मोटारीला होडीच्या नांगराची असते तसली जाड साखळी. ती माझ्यामुळे आली होती, आणि काकांनी तिचं कुलूप माझ्यासमोर उघडलं. मी झाकण काढलं. आतली तार काळी ठिक्कर पडली होती.

"इथे नाही होणार. दुकानात न्यावी लागेल," मी म्हणालो आणि जीभ चावली. काकांची मोटार घेऊन मी गावातून जाणार होतो, तेही भरदिवसा.

काकांनी साखळी ओढून बाजूला टाकली. "उचल," म्हणाले.

दोघांनी मिळून ती स्कूटरवर पायांपाशी ठेवली. मी किल्ली फिरवली, तर काका टॉवेल डोक्याला बांधून मागे बसले. माझं डोकंच फिरलं. राखण करायला बसला म्हातारा! पंधरा वर्षं झाली तरी चोर तो चोरच. मी रागानेच स्कूटर काढली.

केळीच्या वाडीपाशी एकाने हात आडवा केला. "काय रे, कुनाची मोटार?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "माझी हाय. मीच दिली त्याला."

किराणा दुकानासमोर तेच. देवळाशी तेच. गाव संपलं तिथे काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "थांबव."

ते उतरले.

"दुकानापर्यंत नाही येत?" मी विचारलं.

"तिकडं माझं काय काम? गावात तुला कोनी सोडला नसता, म्हनून बसलो." टॉवेल सारखा करत म्हणाले, "परवा पानी पायजे मला."

आणि ते उन्हातून परत चालायला लागले. मी मोटार दोन पायांत धरून तिथेच रडलो. मग स्कूटर चालू केली, कारण मोगरा परवापर्यंतच थांबणार होता.