पाठीवरचा घाव

दुपारची जेवणं उरकून शर्वाणी सोफ्यावर पालथी पडते. डोळे मिटत आलेत, पण डोकं तापलेलंच आहे. तिचा धाकटा भाऊ निनाद जाऊन वर्ष होत आलं. दोघं मिळून 'गडझुंज' नावाचा ऑनलाइन खेळ खेळायची. निनाद ढाल घेऊन पुढं, ही मागून बाण मारणार. आज त्यांच्या जुन्या टोळीच्या ग्रुपवर कौस्तुभनं लिहिलंय, "शेवटचा गड निनादमुळं गेला. चिलखतच कच्चं होतं त्याचं." खाली कुणीतरी हसणारं तोंडही टाकलंय. गेलेल्या माणसावर हसतात मेले!

पंख्याची घरघर लांब लांब जाते.

"कच्चं? माझं चिलखत कच्चं?"

निनाद स्वयंपाकघरात ओट्यावर बसून पाय हलवतोय. नाकाचा शेंडा लाल, भांडताना व्हायचा तसा.

"गणित येतं का त्या कौस्तुभला? राक्षसाचा घाव शंभराचा. त्यातले ऐंशी माझं चिलखत अडवतं. अंगावर किती आले?"

"वीस."

"वीस! तेवढ्यावर मी दिवसभर उभा राहिलो असतो."

"मग पडलास कसा?"

ओटा हाताला ओला लागतो. कृष्णेच्या घाटाची पायरी आहे ती. पाणी दोघांच्या पोटऱ्यांपर्यंत आलंय आणि पलीकडच्या काठावर गडाचा दरवाजा उभा आहे. शर्वाणीला त्याचं काहीच वाटत नाही.

"घाव पाठीवर बसला," निनाद पाण्याकडं बघत म्हणतो. "मागून बसला की चिलखत धरतच नाहीत. शंभरचे शंभर लागतात, आणि वर दुप्पट."

"ढालवाला असून पाठ फिरवलीस?"

"तू मागं पडली होतीस ना. तुला उठवायला वळलो."

शर्वाणीला हे ठाऊकच नव्हतं. खेळात आपण पडलो की पडदा काळा होतो, पुढचं काही दिसत नाही.

"कुणी सांगितलं होतं वळायला?" ती ओरडते. "आणि हे त्या लोकांना का नाही सांगितलंस?"

"तुझ्यामुळं गड गेला म्हणाले असते."

"म्हणू देत की! मी भांडले असते. तू आपलं सगळं ऐकून घ्यायचं, गप्प बसायचं. दुखतंय तेसुद्धा शेवटपर्यंत सांगितलं नाहीस आम्हाला! कुणाला वाचवत होतास रे?"

तो पाण्यात पाय हलवतो. मग हसतो. "भांड आता, तायडे," म्हणतो, आणि तिच्या पाठीवर सणसणीत थाप मारतो.

"शर्वाणी, कुणावर ओरडतेस गं?" आई दारात उभी आहे.

शर्वाणी पडल्या पडल्याच फोन ओढते. कौस्तुभला लिहायला घेते, 'तो मला उठवायला वळला होता. माहीत नसेल तर तोंड बंद ठेवायचं.'

आई जवळ येते आणि थबकते. "पाठीला काय लागलंय हे?"

कुर्त्यावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, ओल्या पंजाचा ठसा उमटलाय. पाची बोटं स्पष्ट. आई आपला तळवा त्यावर टेकवून बघते. ठशाची बोटं तिच्या बोटांच्या पुढं गेलेली आहेत.