घरची कॅसेट करामाच्या दुकानात

माझ्या बायकोला नकला यायच्या. साध्यासुध्या नाहीत, डोळे मिटून ऐकलं तर ते माणूस समोर उभं राहायचं. लग्नाला दोन महिने झाले आणि माझी सुट्टी संपत आली, तेव्हा तिने मला आमच्या पोस्टमास्तरांची नक्कल करून दाखवली, तीही तोंडावर पदर धरून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मी हसून हसून बेजार झालो. चार दिवसांनी मी दुबईला परत आलो आणि पुढची दोन वर्षं ती गावाला, मी इकडे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होतो. नळाच्या फिटिंग, खिळे, सेफ्टी बूट मोजून द्यायचे आणि सही घ्यायची, एवढंच काम. राहायला दुबईतल्या करामा वस्तीत, एका खोलीत पाच जण. सगळ्यांची बायकापोरं गावाला. फोन परवडायचा नाही, कार्ड घातलं की 'बरी आहेस ना' विचारेपर्यंत अर्धं खलास. आणि बायकोला पत्र लिहायचा भारी कंटाळा. म्हणून ती कॅसेट भरून पाठवायची. आमच्यात तेव्हा बऱ्याच घरांतून हे चालायचं. गावाहून कोणी दुबईला निघालं, की त्याच्या सामानात पापडांच्या पुड्याबरोबर एक कॅसेट यायचीच.

तिच्या कॅसेटची एक बाजू घरच्या बातम्यांची असायची. दुसऱ्या बाजूला माझी आई. म्हणजे आई नाही, बायकोच, पण आई झालेली. आई बाजाराला गेली की ही टेपरेकॉर्डर घेऊन मागच्या खोलीत बसायची आणि सुरू व्हायची. आई मच्छीवालीशी बांगड्यांवरून भांडतेय. आई शेजारणीला सांगतेय की माझा मुलगा दुबईत मोठा साहेब आहे, सगळं गोदाम त्याच्या एका सहीवर उघडतं. आणि कोणी काही विचारलं की आईचं ते ठरलेलं उत्तर, मान हलवून, आवाज खाली आणून: "देवाला ठाऊक आणि मला ठाऊक." खरं सांगतो, मला फोनवरच्या आईपेक्षा कॅसेटमधली आई जास्त खरी वाटायची. आणि शेवटी बायको स्वतःच्या आवाजात बजावायची, "अहो, ही तुमच्यापुरती हां. सासूबाईंना कळलं तर मला या घरात पाण्याचा घोट गिळणं मुश्कील होईल."

माझ्यापुरती! एका खोलीत पाच माणसं, एक टेपरेकॉर्डर आणि शुक्रवारची सुट्टी. माझ्यापुरती कशी राहणार? दुपारी जेवणं झाली की खोलीतले म्हणायचे, "अरे, लाव तुझी आई." मी लावायचो. लाज वाटायला हवी होती, पण मला आपला अभिमानच वाटायचा. बाकीच्यांच्या बायका कॅसेटमध्ये रडायच्या, पैसे कधी पाठवता विचारायच्या. माझी बायको पाच माणसांना पोट धरून हसवायची.

ऐकून ऐकून ती कॅसेट घासली. मधेच आवाज पाण्याखाली गेल्यासारखा व्हायला लागला. आमच्या खोलीत सगळ्यांत वडीलधारे एक ड्रायव्हर होते, त्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामा म्हणाले, "कॅसेट फार दिवस टिकायची नाही. सीडी करून घे. खालच्या गल्लीत कॉम्प्युटरवाला करून देतो." आमच्यातल्या एकाने नुकताच सीडी प्लेअर घेतला होता. मला पटलं. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे. मी ती कॅसेट नेऊन त्या दुकानात दिली, दुसऱ्या दिवशी कॅसेट आणि सीडी दोन्ही घेऊन आलो. दुकानदार हसत म्हणाला, "बहुत मजेदार है भाई, कौन है ये?" मी म्हटलं, "है कोई." आणि त्यातही मला अभिमानच वाटला. माझी वस्तू मला परत मिळाली, एवढाच माझा हिशोब. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये ती राहिली असेल हे डोक्यातच आलं नाही.

पाचसहा महिन्यांनी साइटवर एक गवंडी माझ्या खिडकीशी आला. अनोळखी माणूस, मालवणकडचा. मी त्याला विचारलं, "सिमेंटची गाडी कधी येणार म्हणाले?" त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, "देवाला ठाऊक आणि मला ठाऊक."

ते वाक्य साधं आहे, कोणीही म्हणेल. पण तो चढउतार माझ्या आईचा होता. मी विचारलं, "हे कुठे ऐकलंस?" तो म्हणाला, "तुमी नाय ऐकलं? कोकणी कॉमेडीची सीडी हा. आमच्या कॅम्पात सगळ्यांकडे हा. ती म्हातारी काय बोलता, बापरे."

त्या शुक्रवारी मी त्याच दुकानात गेलो. रॅकवर सीड्या होत्या, वरती कुठल्याशा नऊवारी नेसलेल्या बाईचा फोटो. पाच दिरहम, म्हणजे तेव्हाचे साठ-पासष्ट रुपये. विकत घेतली, खोलीवर आणली, दार लावून ऐकली. आठदहा गाण्यांच्या मधे माझं घर होतं. मच्छीवाली, शेजारीण, साहेब मुलगा, सगळं. शेवटी ते बजावणंसुद्धा होतं. त्या मेल्याने तेही कापलं नव्हतं. नंतर कळलं, लोकांना तेच सगळ्यांत जास्त आवडायचं. त्यांना वाटायचं तोही नकलेचाच भाग.

आमचा सगळा मुलूख दुबईत पडलेला. दर आठवड्याला कोणी ना कोणी सुट्टीवर गावाला जातो, आणि जाताना काय नेतो? साबण, अत्तर, बदाम आणि गाण्याच्या सीड्या. आज ना उद्या ही आमच्या वाडीत वाजणार. आई ओळखणार. आणि माझी बायको त्या घरात आईबरोबर एकटी.

दुसऱ्या दिवशी परत दुकानात गेलो. या वेळी डोकं फिरलेलं होतं. म्हटलं, "ये हटाओ. ये चोरी का माल है."

दुकानदार शांत. "किसका है?"

"जिसका भी है, तुम्हारा नहीं है."

"भाई, मैं कानून जानता हूँ," तो म्हणाला, आणि खरंच जाणत होता. त्या वर्षांत कॉपीच्या सीड्या पकडणारे तपासणीवाले अधूनमधून यायचे, त्यामुळे दुकानदारांना आमच्यापेक्षा जास्त कायदा कळायचा. "फिल्म होगी तो कंपनी आएगी. गाना होगा तो कंपनी आएगी. इसका मालिक कौन है? लाओ उसको. वो बोले मेरी आवाज़ है, साइन करे, दो मिनट में हटाता हूँ."

माझ्या ओठावर आलं होतं की माझ्या बायकोचा आवाज आहे. पण दुकानात चारसहा गिऱ्हाईकं होती, त्यातले दोघं आमच्याकडचे. एक तर ती सीडीच हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी नाव सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत करामाभर झालं असतं आणि महिन्याभरात गावाला पोचलं असतं. ज्याच्यापासून तिला वाचवायचं तेच मी स्वतःच्या तोंडाने केलं असतं. मी म्हटलं, "एक पहचानवाली है." तो म्हणाला, "तो उसको ले के आओ, हबीबी." वर हेही सांगितलं की त्याने काढून काही होणार नाही, शारजात आणि अबू धाबीत लोकांनी कधीच कॉपी मारल्यात.

मी खोलीवर येऊन मामांवर ओरडलो. तुम्हीच सीडी करायला सांगितलीत म्हणून. चूक त्यांची नव्हतीच, पण कोणावर तरी ओरडल्याशिवाय मला राहवेना.

मग एकदा खरोखर तपासणी आली. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बघत होतो, आणि काय सांगू, देवाजवळ उभं राहावं तसे माझे हात जोडले गेले होते. सिनेमांच्या सीड्या खोक्यात भरल्या, कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमच्या भरल्या. आमच्या रॅकशी एक जण आला, दोनचार सीड्या उलटसुलट केल्या आणि परत ठेवल्या. त्यांच्या हातातल्या यादीत कंपन्यांची नावं असणार, माझ्या बायकोचं कुठून असणार? गाडी गेली. संध्याकाळी दुकान परत उघडलं.

बायकोला कळवायला हवं होतं. आई वाचायला शिकलेली नव्हती, पत्र बायकोच वाचून दाखवायची, त्यामुळे मी लिहिलं असतं तर तेवढं तिने मनातल्या मनात वाचलं असतं. तीनदा लिहायला बसलो. काय लिहू? तू बजावलं होतंस तरी मी पाच जणांत लावली आणि आता पाच हजार ऐकतायत? धीरच झाला नाही. उलट तिची नवी कॅसेट आली, त्यात तिने विचारलं होतं, "आवडते ना तुम्हाला? आणखी करू?" ती मी कोणाला ऐकवली नाही, स्वतःही पुरती ऐकली नाही.

त्यानंतर प्रत्येक फोनला मी आधी आवाज चाचपून बघायचो. बायको जरा तुटक बोलली की वाटायचं, झालं, पोचली. मग कळायचं की तिचं डोकं दुखतंय. आई मागून काही म्हणाली की माझं लक्ष तिकडे. घरी मी काय बोलायचो ते मलाच आठवायचं नाही.

आमच्या शेजारच्या वाडीतला एक प्लंबर दुबईच्या टोकाला, सोनापूरच्या कामगार कॅम्पात राहायचा. तो सुट्टीवर निघाल्याचं कळलं तेव्हा मी बस पकडून त्याच्याकडे गेलो. त्याच्या बॅगेत वरच ती सीडी होती. मी ठोकून दिलं, "अरे, वेडा आहेस काय? मुंबईला विमानतळावर कॉपीच्या सीड्या पकडतात. नवा कायदा आलाय. पासपोर्टवर शिक्का मारला तर परत येशील कसा?" बिचारा घाबरला. सगळ्या सीड्या काढून त्याने खोलीतल्या दुसऱ्या माणसाला दिल्या. माझ्यासाठी चहासुद्धा मागवला. मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो त्या दिवशी.

तीन आठवड्यांनी घरी फोन लावला. नेहमी बायको उचलायची. त्या दिवशी आईने उचलला. आई फोनवर कायम ओरडून बोलायची, दुबई लांब आहे म्हणून. त्या दिवशी हळू बोलली.

"ती कॅसेट ऐकली आम्ही," ती म्हणाली.

"कसली कॅसेट?"

"उगाच विचारू नकोस. शेजारच्या वाडीतला तो नळवाला घेऊन आला. सीड्या आणता येत नाहीत म्हणे आता, म्हणून तिकडेच कॅसेटमध्ये भरून आणली."

मी फुटपाथवरच्या फोनच्या खोक्यात आणखी एक कार्ड घातलं.

"पडवीत सगळे जमलो होतो," आई म्हणाली. "सगळे हसले. मीपण हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. म्हटलं, कोण ही बाई, किती बडबडते. मग ती मच्छीवालीशी बोलायला लागली. तेव्हा बघितलं तर बाकीचे हसायचे थांबले होते. मी एकटीच हसत होते."

"आई, तिला काही बोललीस का?"

"एका शब्दाने नाही. रडते आहे तीन दिवस. मीच तिला जेवायला वाढते. पोर एकटी असते, करमत नाही तिला. तिने तुझ्यासाठी केलं होतं." मग म्हणाली, "शेवटी ती काय म्हणते तेही ऐकलं. पाण्याचा घोट गिळू देणार नाही मी. एवढी वाईट आहे होय रे मी?"

मी म्हटलं, नाही गं. इतके महिने मी बायकोचा विचार करून करून झुरलो होतो. दुकानदाराने विचारलं होतं आवाज कोणाचा, तेव्हासुद्धा मला बायकोच आठवली. आईचं काही गेलंय हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मला तिथे रस्त्यावर स्वतःची किळस आली.

"आता तोंड उघडलं की माझं मलाच ऐकू येतं," आई म्हणाली. "अर्धं बोलते आणि थांबते."

"आई..."

"असू दे. एक कर. तू तिथे मोठा आहेस, तुझी ओळख असेल. इथली मी त्याच्याकडून मागून घेतली, चुलीत घातली. तिथे लोकांकडे जी उरलीय ना, ती येताना घेऊन ये. लोकांत ठेवू नकोस. तेवढी एक आणलीस की झालं."

मी म्हटलं, "आणतो."