शाळेच्या वाटेवरची भिंत

माझी मुलगी दुसरीत असताना आमची चाळ आणि शाळा यांच्या मध्ये भिंत उभी राहिली. पालेगावात तोवर शेतंच होती. मुलं बांधावरून उड्या मारत शाळेत जायची, कुणी सोडायला जात नसे. मग त्या शेतांवर कॉलनी झाली आणि पायवाट बंद झाली. उरला तो कारखान्यांच्या ट्रकांचा हमरस्ता. त्याला फुटपाथ नाही, कडेला उघडं गटार.

ज्यांना जमलं त्यांनी रिक्षा लावली. शेजारीण म्हणाली, "मी माझीला घरीच ठेवते बाई. ट्रकखाली आली तर?"

"घरी अजिबात ठेवू नकोस. मी नेते."

दुसऱ्या दिवसापासून चाळीतली पोरं रांगेत, आणि ट्रकांच्या बाजूला मी. पण हे कायमचं चालणार नव्हतं. रविवारी आम्ही दोघी कॉलनीच्या सेक्रेटरींकडे गेलो.

"मागच्या भिंतीत लहानसं दार द्या. मुलं तुमच्या आतल्या रस्त्याने निघून जातील."

"बाहेरची माणसं आत आली की चोऱ्या होतात, ताई."

"चोर काय दप्तर घेऊन येतो?"

ते हसले नाहीत. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही.

एका सकाळी कॉलनीच्या गेटपाशी एक बाई मुलाला घेऊन उभ्या होत्या. आमची रांग पाहून म्हणाल्या, "शाळा इथून दिसते, तरी ह्याला रिक्षाने पाठवते. सोबतच नाही हो कुणाची. तुमच्यात घ्याल?"

घेतलं. त्या रविवारी त्या स्वतःहून माझ्याबरोबर आल्या. "माझा मुलगा रोज या मुलांसोबत जातो," त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं. "मग ही बाहेरची कशी?"

महिन्याभरात लोखंडी दार बसलं. एवढं अरुंद, की दप्तर काढून हातात घ्यावं लागे. पण दुपारी वॉचमन जेवायला गेला की कुलूप. त्याच वेळी सुटणारी बालवाडीची चिमुरडी पुन्हा हमरस्त्याने. मी त्यांच्यासोबत जात राहिले, आणि रविवारी सेक्रेटरींची बेलही वाजवत राहिले.

शेवटी एकदा त्यांनी घराचं दार उघडलं, मला काही बोलूच दिलं नाही. आत जाऊन किल्ली आणली आणि माझ्या हातावर ठेवली.

"घ्या. दुपारचं तुम्हीच उघडा."

मी उघडू लागले.